मसलत आणि मर्जी

मराठीत आज आपण ज्याला मुत्सद्दी म्हणतो, तो शब्द मुळात कारकुनाचा आहे. दरबारी व्यवहारात मुत्सद्दी म्हणजे लिहिणारा, हिशेब ठेवणारा, कागद सांभाळणारा माणूस. धन्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे कागद लिहिता लिहिता त्याला राज्याचे मर्म कळू लागले, कोणता शब्द कुठे बोचतो आणि कुठे उपयोगी पडतो हे उमगू लागले, आणि हळूहळू त्या शब्दाचा अर्थच पालटून धोरणी, जाणता राजकारणी असा झाला. पणजीतील एका सरकारी खात्यात ३१ वर्षे फायलींवर टिपण्या लिहून मी निवृत्त झाले, त्यामुळे या शब्दाच्या प्रवासाविषयी मला विशेष आपुलकी आहे. राष्ट्रप्रमुखांच्या ज्येष्ठ सल्लागारांविषयी गेली काही वर्षे मी जे मिळेल ते वाचत आले, त्याचे मूळही तिथेच आहे.

यंदाच्या चवथीला शिरोड्याच्या मूळ घरी सगळे कुटुंब जमले होते. माटोळी बांधून झाल्यावर माझा भाचा माझ्यापाशी येऊन बसला. गोवा विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम. ए. करून तो आता दिल्लीला राजकीय सल्ला देणाऱ्या एका कंपनीत रुजू होणार आहे. त्याने विचारले, “आत्या, नेत्याच्या मनात काय आहे ते आधीच ओळखायचे आणि ते त्याला मिळवून द्यायचे, हेच ना सल्लागाराचे काम?” मी म्हटले, “अरे, ती झाली मर्जी सांभाळणे. मसलत वेगळी.” तेवढ्यात आरतीला बोलावणे आले आणि बोलणे तिथेच राहिले. त्याला नीट उत्तर द्यायचे राहून गेले, ते इथे लिहीत आहे.

निवडणूक जिंकून देणाऱ्या सल्लागाराचा विचार मी करणार नाही. त्याचे काम मतमोजणीच्या दिवशी संपते आणि ते फसले तर नुकसान एका पक्षाचे होते. राष्ट्रप्रमुखाच्या सल्लागाराचे काम शपथविधीनंतर सुरू होते आणि ते फसले तर त्याची किंमत अशी माणसे मोजतात, ज्यांनी त्या सल्लागाराचे नावही कधी ऐकलेले नसते. तो निवडून आलेला नसतो, संसदेत त्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्या खुर्चीला पुष्कळदा कायद्याचा आधारही नसतो. धन्याची मर्जी हे त्याचे एकमेव भांडवल असते. ती आहे तोवर सगळी दारे उघडी, ती गेली की त्याच इमारतीत त्याला कोणी ओळख देत नाही. आणि तरीही ज्या कामासाठी त्याला जवळ केलेले असते, ते काम वेळ आली तर त्याच मर्जीविरुद्ध जाण्याचे असते. या पदाविषयी बोलण्यासारखे जे काही आहे, ते मला या पेचात दिसते.

कारकून आणि मुत्सद्दी हे दोन्ही अर्थ एकाच माणसात एकवटलेले पाहायचे असतील तर व्ही. पी. मेनन यांच्याकडे पाहावे. महाविद्यालयीन पदवी नसलेला हा मल्याळी गृहस्थ सरकारी कारकुनीतून वर चढत गेला आणि लिनलिथगो, वेव्हेल व माउंटबॅटन अशा तीन व्हाइसरॉयांचा घटनाविषयक सल्लागार झाला. मे १९४७ मध्ये सिमल्याला माउंटबॅटन यांनी सत्तांतराची योजना जवाहरलाल नेहरूंना खाजगीत दाखवली, तेव्हा देशाचे अनेक तुकडे होण्याची वाट मोकळी करणारी ती योजना नेहरूंनी साफ नाकारली. दुसऱ्या दिवशी मेनन यांनी अवघ्या काही तासांत नवा मसुदा लिहून दिला आणि पुढचे सत्तांतर बव्हंशी त्याच आराखड्यावर झाले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की त्या मसुद्यामागचा विचार मेनन यांनी त्या दिवशी शोधून काढलेला नव्हता. दोन स्वयंशासित राज्यांकडे (डोमिनियनांकडे) अधिकार सोपवावा हे त्यांचे मत आधीपासूनचे होते आणि वल्लभभाई पटेल यांच्याशी ते त्यावर बोललेही होते. तोपर्यंत ते ऐकले गेले नव्हते, इतकेच. न ऐकलेला सल्ला जवळ जपून ठेवायचा, रुसून बाजूला व्हायचे नाही, आणि वेळ आली की तो तयार कागदावर पुढे करायचा, हा गुण फायलींच्या सहवासात राहिलेल्या माणसाचा आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हाच राष्ट्रप्रमुख आणि हाच शासनप्रमुख असल्याने तिथे हा पेच सर्वांत उघडा दिसतो. १९३७ मध्ये ब्राउनलो समितीने राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना अहवाल दिला की राष्ट्राध्यक्षांना मदतनिसांची गरज आहे आणि त्या मदतनिसांना अनामिक राहण्याची मनापासून आवड असली पाहिजे. त्यातून १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वतंत्र कार्यकारी कार्यालय उभे राहिले. याच रूझवेल्टांचे विश्वासू हॅरी हॉपकिन्स मे १९४० पासून तीन वर्षांहून अधिक काळ व्हाइट हाउसमध्येच राहायला होते. जानेवारी १९४१ मध्ये ते चर्चिल यांना भेटायला लंडनला गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोणतेही मंत्रिपद नव्हते. त्याआधी लंडनला असलेले अमेरिकी राजदूत जोसेफ केनेडी ब्रिटनच्या भवितव्याविषयी निराशाजनक मत कळवत असत. हॉपकिन्स आठवडेच्या आठवडे तिथे राहिले, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि हा देश तग धरील असे त्यांनी राष्ट्राध्यक्षांना कळवले. एवढी मर्जी क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल, पण हॉपकिन्स यांनी ती धन्याच्या कानाशी लागण्यासाठी खर्च न करता त्याचे डोळे होण्यासाठी खर्च केली.

त्याच देशात वीस वर्षांनी याच्या उलट घडले. एप्रिल १९६१ मध्ये क्युबातून परागंदा झालेल्यांची एक तुकडी क्युबाच्या किनाऱ्यावर उतरवण्याचा बेत जॉन केनेडी यांच्यापुढे होता. त्यांचे विशेष साहाय्यक, इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी या बेताला विरोध करणारे टिपण लिहून दिले होते, पण मंत्री आणि सेनाधिकारी बसलेल्या बैठकांमध्ये ते गप्प राहिले. सुमारे १४०० जणांची ती तुकडी पिग्जच्या उपसागरात उतरली आणि तीन दिवसांत तिचा पाडाव झाला. त्या मौनाबद्दल श्लेसिंजर यांनी पुढे स्वतःला उघडपणे दोष दिला. केनेडींनी मात्र यातून पुष्कळ काही घेतले. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली तेव्हा सल्लागारांच्या काही बैठकांना ते मुद्दाम गैरहजर राहिले, कारण राष्ट्राध्यक्ष समोर बसले की माणसे प्रश्नाकडे पाहून न बोलता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बोलतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. मर्जीचे ओझे सल्लागाराच्या मानेवरून काही तासांसाठी तरी धन्यालाच उतरवता येते, हे तेव्हा दिसले.

आता आपल्या गोव्याकडे येते. १९६१ पूर्वीची माझी पहिली काही शालेय वर्षे पोर्तुगीजमध्ये गेली, आणि निवृत्तीनंतर ती मोडकीतोडकी भाषा मी पुन्हा हाताशी घेतली. पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून मी डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकर यांनी संपादित केलेले, पोर्तुगीज व्हाइसरॉयला सल्ला देणाऱ्या राज्यमंडळाचे वृत्तान्त वाचू लागले. सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावाच्या या थोर संशोधकाने गोव्याच्या दफ्तरखान्याचा कारभार दीर्घकाळ सांभाळला, आणि १६१८ ते १७५० या काळातील त्या मंडळाचे वृत्तान्त १९५३ पासून पुढच्या काही वर्षांत पाच खंडांत छापून काढले. राजा लिस्बनला, त्याचा प्रतिनिधी व्हाइसरॉय गोव्यात, आणि मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून पत्र जाऊन उत्तर यायला वर्षाहून अधिक काळ, अशी तेव्हाची परिस्थिती. तीन वर्षांसाठी आलेल्या व्हाइसरॉयला मराठे, डच किंवा आदिलशाही यांच्याशी तह करायचा की लढायचे हे इथेच ठरवावे लागे. त्यासाठी आर्चबिशप, महसुलाचा प्रमुख, न्यायसंस्थेचा प्रमुख आणि काही सरदार यांचे मंडळ बसे. सचिव वृत्तान्त लिही आणि अनेक ठिकाणी कोण काय म्हणाला ते नावानिशी नोंदवून खाली सह्या घेतल्या जात. बहुमताच्या विरुद्ध गेलेल्याचे म्हणणेही तिथे उतरलेले असे.

त्या सत्तेने इथल्या लोकांवर काय लादले, याचा मला विसर पडलेला नाही. त्या मंडळाच्या मेजावर इथल्या हिंदूंना जागा नव्हती. पण त्या मेजामागे मात्र ते होते. राज्याचा दुभाषा म्हणून आणि पुण्याच्या दरबारातील वकील म्हणून पोर्तुगीजांना गोमंतकीय सारस्वतांवाचून चालत नसे. अठराव्या शतकात पुण्यात त्यांची वकिली करणारे नारायण शेणवी धुमे हे त्यांपैकी एक. मराठी पत्र वाचून त्यातला सूर कोणता, धमकी कुठे संपते आणि विनंती कुठे सुरू होते, हे व्हाइसरॉयला समजावून सांगणारा माणूस हा नुसता भाषांतरकार राहत नाही. व्हाइसरॉय बदलत, दुभाष्याचे घराणे तिथेच असे. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात व्हाइसरॉयांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. त्यांत दुभाषा कुठेच नाही, आणि ज्याला सल्लागार व्हायचे आहे त्याने हे आधीच मान्य केलेले बरे.

राज्यमंडळ हे नाव पोर्तुगालमध्ये आजही आहे. संसद विसर्जित करण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षांनी त्या मंडळाचे मत घेतलेच पाहिजे असे तिथली राज्यघटना सांगते, मात्र ते मत त्यांच्यावर बंधनकारक नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, वडिलांकडून मडगावचे असलेले पंतप्रधान आंतोनियु कॉश्ता यांनी राजीनामा दिला तेव्हा मंडळात मतांची बरोबरी झाली. राष्ट्राध्यक्ष मार्सेलु रेबेलु द सोझा यांनी ही बरोबरी स्वतः देशाला सांगितली आणि तरीही संसद विसर्जित करण्याचा आपला निर्णय जाहीर केला. निर्णय बरोबर होता की चूक, यावर तिथले लोक वाद घालोत. सल्ला काय मिळाला आणि आपण काय केले, हे दोन्ही एकाच भाषणात सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटले.

मराठी माणसाला सल्लागार म्हटले की अष्टप्रधान आठवतात, आणि ते योग्यच आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी फारसी पदनामांच्या जागी संस्कृत नावे योजली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव झाला आणि वाकनिसाचा मंत्री. मंत्र म्हणजे गुप्त विचार, आणि तो ज्याच्याशी करायचा तो मंत्री. या मंत्र्याकडे राजाच्या रोजच्या दिनचर्येची नोंद ठेवण्याचे काम होते, म्हणजे इथेही कागद आणि मसलत एकाच हातात होती. परंतु या मंडळाची खरी कसोटी त्याला ही नावे मिळण्यापूर्वीच लागली होती. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला अडकले असताना मोरोपंत पिंगळे आदी मंडळींनी जिजाबाईंच्या देखरेखीखाली राज्य चालते ठेवले. धनी समोर नाही, परत येईल याची शाश्वती नाही, मर्जी सांभाळायला कोणी उरलेले नाही, अशा वेळी जो आपले काम करतो त्याच्याविषयी अधिक पुरावा लागत नाही.

त्याच मंडळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १६८० मध्ये महाराजांचे निधन होताच अण्णाजी दत्तो आणि काही प्रधानांनी संभाजीराजांना डावलून बाल राजारामांना गादीवर बसवले. सल्ला देता देता राजा कोण असावा हे आपणच ठरवू शकतो असे त्यांना वाटू लागले होते. सेनापती हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि तो डाव उधळला. यानंतर संभाजी महाराजांचा विश्वास जुन्या प्रधानांपेक्षा कवी कलश यांच्यावर अधिक बसला यात नवल नाही. उत्तरेतून आलेल्या, अष्टप्रधानांच्या चाकोरीबाहेरच्या या माणसाला छंदोगामात्य हा किताब मिळाला आणि दरबारात त्याच्याविषयीचा रोष वाढत गेला. कवी कलशांना खलनायक ठरवणारी जुनी मांडणी मला पटत नाही. १६८९ मध्ये संगमेश्वरी ते धन्याबरोबर पकडले गेले आणि धन्याबरोबरच हालहाल सोसून मेले, आणि एवढी निष्ठा पाहिल्यावर बोलताना जिभेला आवर घालावा लागतो. पण निष्ठा कितीही निखळ असली तरी एकाच खाजगी सल्लागाराच्या दारातून सगळी मसलत जाऊ लागली की बाकीचे प्रधान परके होतात, आणि परके झालेले प्रधान खरे बोलायचे थांबतात. धन्यापर्यंत मग एकच आवाज पोहोचतो.

उत्तर पेशवाईत लोकांनी साडेतीन शहाणे मोजले. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तीन, आणि तलवार हाती न धरणारे म्हणून नाना फडणीस अर्धे. त्या अर्ध्या शहाण्याने बारभाईंच्या मसलतीतून पुढे एका अल्पवयीन पेशव्याचे राज्य चालवले. रामशास्त्र्यांचा दाखला आपल्याकडे नेहमी दिला जातो, पण न्यायाधीशाला निकाल सांगून पुणे सोडता येते. सल्लागाराला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धन्याकडे परत जायचे असते, आणि कदाचित आपल्या मताविरुद्ध झालेल्या निर्णयाचाच खलिता लिहायचा असतो.

आपल्या राज्यघटनेने तर सल्ला या शब्दालाच वेगळे वजन दिले आहे. अनुच्छेद ७४ प्रमाणे राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असते आणि तो सल्ला त्यांना मानावा लागतो. सुरुवातीला हे इतके स्पष्ट नव्हते. १९५१ मध्ये हिंदू संहिता विधेयकाच्या वेळी राजेंद्र प्रसाद यांनी आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ असे नेहरूंना कळवले, तेव्हा महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांची मते घेण्यात आली. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेच वागले पाहिजे असे दोघांनीही सांगितले, आणि राजेंद्रबाबूंनी तो प्रश्न टोकाला नेला नाही. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन शब्दांत उतरले, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा मिळाली. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातील आणि १९९८ मध्ये बिहारमधील राष्ट्रपती राजवटीची शिफारस अशी परत पाठवली. म्हणजे ज्यांना सल्ला द्यायचा, तेच त्या क्षणी सल्लागार झाले. अशा वेळी राष्ट्रपती भवनातील सचिवाचे काम किती नाजूक असेल याची मला कल्पना करता येते. गोव्यात एप्रिल १९९४ मध्ये राज्यपाल भानुप्रकाश सिंग यांनी मुख्यमंत्री विल्फ्रेड डिसोझा यांना बडतर्फ करून रवी नाईक यांना शपथ दिली, आणि आठवडाभरात राज्यपालांना पद सोडावे लागून डिसोझा परत आले. मी तेव्हा नोकरीत होते. त्या दिवसांत आमच्याकडे फायली हातात घेऊन माणसे नुसती बसून होती. घटनात्मक प्रमुखाने उचललेल्या एका पावलाने सगळे कार्यालय कसे थिजते, ते मी पाहिले आहे.

पण या विषयात माझे मन ज्या रात्रीपाशी पुन्हा पुन्हा जाते, ती २५ जून १९७५ ची रात्र आहे. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांच्याशी मसलत करून इंदिरा गांधी त्यांना घेऊन संध्याकाळी राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांना भेटल्या. नंतर राष्ट्रपतींकडे पत्र गेले की अंतर्गत अशांततेमुळे आणीबाणी जाहीर करणे आवश्यक आहे आणि मंत्रिमंडळाला सकाळी सांगितले जाईल. मंत्रिमंडळाची मान्यता आधी नव्हती. पंतप्रधानांचे स्वतःचे सचिव पी. एन. धर यांना रात्री उशिरा कळले. मंत्रिमंडळ सचिवांना पहाटे उठवण्यात आले. मंत्री सकाळी सहाच्या बैठकीला आले, तेव्हा सही होऊन कित्येक तास लोटले होते. ज्यांच्या पदाचे कामच मुळी सल्ला देणे हे होते, त्या जवळजवळ सर्वांना वगळून हा निर्णय झाला. एक माणूस मात्र जागेवर होता. राष्ट्रपतींचे सचिव के. बालचंद्रन यांनी ते पत्र वाचून, या मार्गाने जाणे घटनेला धरून होणार नाही, असे राष्ट्रपतींना सांगितले. राष्ट्रपतींनी सही केली.

बालचंद्रन यांनी जे सांगितले ते आपल्याला कशामुळे ठाऊक आहे? १९७७ मध्ये सरकार बदलले, शहा आयोग नेमला गेला आणि त्या आयोगाने त्यांना विचारले म्हणून. आयोग झाला नसता तर त्या रात्री राष्ट्रपती भवनात कोणी तरी नाही म्हटले होते, हे आज कोणाला माहीतही नसते. ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये घातलेली अट मला म्हणूनच फार मोलाची वाटते. आणीबाणीचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आहे असे लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आता ती उद्घोषणा काढता येत नाही. सबंध घटनेत ‘लेखी’ हा शब्द इतका जड मला दुसरीकडे कुठे वाटला नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहिते, तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या दशकात आमच्या खात्याकडे एका खाजन शेताच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेताच्या, कडेने भराव घालण्याचा प्रस्ताव आला होता. मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. भरावामुळे मानशीकडे (बांधातल्या पाण्याच्या दाराकडे) जाणारे पाणी अडेल आणि बांधावर ताण येईल, असे मी टिपणीत लिहिले. वरिष्ठांनी मला बोलावून शांतपणे सांगितले, “बाई, हे पान काढा आणि दुसरे लावा. साहेबांना हे रुचणार नाही.” मी दुसरे पान लिहिले, त्यात बांधाचा उल्लेख नव्हता. दोन पावसाळ्यांनंतर बांध फुटला, खारे पाणी शेतात शिरले आणि पुढची काही वर्षे तिथे भात झाले नाही. चौकशी झाली तेव्हा फाइलमध्ये कोणीही धोका दाखवून दिल्याची नोंद सापडली नाही, कारण ती मी स्वतःच्या हाताने काढली होती. माझी खुर्ची फार लहान होती आणि नुकसान एका वाड्यापुरते होते, पण ते पान मी आजही शब्दशः म्हणून दाखवू शकते. राष्ट्रप्रमुखाच्या टेबलावरून असे एखादे पान उचलले जाते तेव्हा काय काय बुडत असेल, हे मला त्यावरून मोजता येते.

भाच्याला मी फोनवर एवढेच सांगितले होते की निर्णय होण्यापूर्वी बोल, नाव घालून लिही, आणि निर्णय तुझ्या मताविरुद्ध झाला तर मन लावून काम कर किंवा सरळ नोकरी सोड. त्यावर तो म्हणाला, “पण आत्या, न ऐकलेल्या सल्ल्याचा उपयोग काय?” त्याच्या या प्रश्नाला माझ्याजवळ आपल्याच भूमीचे उत्तर आहे.

पोर्तुगालचे संरक्षणमंत्री जनरल बोतेल्यु मोनिझ यांनी पंतप्रधान सालाझार यांना स्पष्ट सांगितले होते की वसाहती बळाने राखण्याचा प्रयत्न म्हणजे सैन्याला आत्मघाताकडे नेणे आहे. सैन्याचे उपमंत्री लेफ्टनंट कर्नल फ्रांसिश्कु द कॉश्ता गोमिश यांचेही मत तेच होते. सालाझार यांनी ऐकले नाही. एप्रिल १९६१ मध्ये मोनिझ राष्ट्राध्यक्ष आमेरिकु तोमाश यांच्याकडे गेले, कारण पंतप्रधानांना दूर करण्याचा अधिकार राष्ट्रप्रमुख म्हणून त्यांचाच होता. तोमाश सालाझारांच्या बाजूने राहिले, आणि मोनिझ व कॉश्ता गोमिश दोघांचीही पदे गेली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा आदेश पाठवला. त्यांच्या हाताखाली तीन-साडेतीन हजार सैनिक होते आणि समोर त्याच्या कितीतरी पट भारतीय सैन्य. वासालो ई सिल्वा यांनी तो आदेश मानला नाही. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली, आणि पणजीतली आमची घरे, रस्ते आणि माणसे वाचली. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले.

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली. वासालो ई सिल्वा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर पोर्तुगालच्या वतीने मारियु सुआरिश यांनी आणि भारताच्या वतीने यशवंतराव चव्हाण यांनी सह्या केल्या. त्या दिवशी पोर्तुगालच्या राष्ट्राध्यक्षपदावर कॉश्ता गोमिश होते.